चौथी रांग, अकरावी कबर

नाशिक,
सोमवार, १२ मार्च १९८४

प्रिय गौतमी,

सप्रेम जयभीम. हे पत्र एकटीनेच वाच. मेरेडिथबाईंसमोर तर मुळीच उघडू नकोस. त्यांना मराठीचं अक्षर कळत नाही हे मला ठाऊक आहे, पण तुझा चेहरा त्यांना बरोबर कळतो असं तूच मागे लिहिलं होतंस, आणि चेहरा तू तुझ्या आईचा घेतलायस, त्यावर काही लपत नाही. दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाच. नाहीतर तुमच्या त्या चर्चच्या आवारात, हजार वर्षांची म्हणतेस त्या झाडांखाली जाऊन बस. तिथे मेंढ्यांशिवाय कोणी फिरकत नाही म्हणे.

घाबरू नकोस, आम्ही दोघंही ठीक आहोत. आईचा गुडघा तसाच आहे आणि त्यावर ती कुणाचंही औषध घेत नाही, तू पाठवलेला मलमही नाही. म्हणजे तब्येतीची बातमी नाही. तुझं वीस फेब्रुवारीचं पत्र दोन मार्चला मिळालं. त्याला उत्तर म्हणून मी चार कागद लिहायला घेतले आणि चारही चुलीत घातले. हा पाचवा. तुझी आई समोर तांदूळ निवडत बसली आहे आणि माझ्याकडे बघतसुद्धा नाही, पण मी पेन खाली ठेवला की तिचं सूप थांबतं. तेव्हा हा कागद चुलीत जाईल असं वाटत नाही.

तुमचं विमान सात एप्रिलचं. पत्राला बारा दिवस धरले तर चोवीस मार्चला तुझ्या हातात पडेल. पंधरा दिवस लागले तरी सत्तावीस. मी हा हिशेब इतक्या वेळा केलाय की बोटांची पेरं दुखायला लागली. पत्र गल्लीतल्या पेटीत टाकणार नाही, मोठ्या पोस्टात जाऊन समोर शिक्का मारून घेणार आहे. कारण हे पत्र तुम्ही निघाल्यावर तिथे पोचलं तर मी काय करू, ते मला सुचत नाही. तुम्हा दोघींना घ्यायला मुंबईला येईन, बाईंच्या हातातली पिशवी घेईन, आणि तोंड कुठल्या दिशेला करू?

कबरीची पाटी पोचली. अठ्ठावीस फेब्रुवारीला रेल्वे पार्सलने नाशिकरोडला आली आणि तिथून मी हातगाडीवर आणली. बोटीचा प्रवास करून आलेली, पण एक टवका उडालेला नाही, इतका भुसा घातला होता तुमच्या लोकांनी. काळी-निळी, पावसात भिजल्यासारखी दिसणारी फरशी. तुमच्या डोंगरातला दगड म्हणे असाच असतो. इव्हान मेरेडिथ, एकोणीस वर्षे, लानगेरी गाव, आणि खाली इंग्रजी नसलेली, तुमच्या गावच्या भाषेतली ती एक ओळ जी मला वाचता येत नाही. तुझ्या आईने हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "लय गार हाय." मग कुंकवाशिवाय ओवाळावं तशी नुसत्या पदराने पुसली. आता ती बाहेरच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखाली, भिंतीला टेकून पोत्यात उभी आहे. येता-जाता माझी नजर तिकडेच जाते.

कबरस्तानाच्या कमिटीचे सेक्रेटरी दोनदा येऊन गेले. पाटी बसवली का? पंधरा एप्रिलला, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, पाद्रीसाहेब येऊन प्रार्थना करणार, विलायतेहून मृताची सख्खी बहीण येणार, अजून पाटी पोत्यातच कशी? पहिल्यांदा मी म्हणालो, सिमेंटचं परमिट मिळालं नाही. दुसऱ्या वेळी ते एक गोणी स्वतः घेऊनच आले. मग मी म्हणालो, थंडीत सिमेंट नीट धरत नाही. मार्च महिन्यात, नाशकात! त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच कीव आली.

आणि त्यात तुझं पत्र. बाईंचं हृदय फार अशक्त झालंय, डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात, तरी त्या ऐकत नाहीत. त्यांनी तुमच्या पाद्र्यांकडे लिहून दिलंय की आपण गेल्यावर निम्मी राख लानगेरीला आईच्या शेजारी आणि निम्मी इथे, इव्हानच्या कबरीत ठेवायची, आणि ते काम गौतमीने करायचं. तू लिहिलंस, "आबा, एवढा विश्वास मला कुणी दाखवला नव्हता." ते वाक्य वाचल्यापासून जेवण जात नाही. तुझी आई म्हणते, भाकरी चिवडू नका, सरळ सांगा नको म्हणून.

सगळं पहिल्यापासून सांगतो. तुला बरंचसं माहीत आहे, पण तुला माहीत आहे तेवढं खरं नाही.

चौऱ्याहत्तर साली पावसाळ्यानंतर ते पहिलं पत्र आलं. पाकिटावर नाव नव्हतं, नुसतं 'कबरस्तानाचा राखणदार, नाशिक, हिंदुस्थान'. पोस्टमनने ते सगळ्या छावणीत फिरवून शेवटी माझ्याकडे आणलं. तू नववीत होतीस. इंग्रजी वाचताना प्रत्येक शब्दाला बोट लावत होतीस आणि मध्येच थांबून शेजारच्या ख्रिस्ती मास्तरणीकडे, विमलाबाईंकडे, पळत होतीस. तेव्हा कळलं की लानगेरी नावाचं शंभर उंबऱ्यांचंही नसलेलं गाव आहे, तिथे आठशे वर्षांचं चर्च आहे, त्यात पितळी पत्र्यावर पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावच्या सात पोरांची नावं आहेत. सहाजणांच्या कबरी कुठे आहेत ते गावाला माहीत होतं. सातवा इव्हान. लढाईत नाही, इथे छावणीत तापाने गेला, एकोणीसशे अठरात. त्याची आई त्याची कबर कुठे आहे हे न कळता मेली. बहीण शाळामास्तरीण, लग्न न केलेली, बहात्तर वर्षांची. तिला सैन्याच्या जुन्या कागदात एवढंच सापडलं होतं: दारापासून चौथी रांग, डावीकडून अकरावी कबर. ती आहे का, एवढंच तिला विचारायचं होतं.

मी त्याच दुपारी मोजायला गेलो. तू माझ्या मागे. आपल्या मोठ्या लोखंडी गेटापासून चार रांगा, डावीकडून अकरा. तिथे खरंच एक कबर होती, दगड झिजलेला, नाव पुसलेलं, एका जागी 'ई'सारखं काहीतरी दिसत होतं. आठवतंय? तू ओरडलीस, "आबा, ई! इव्हानचा ई!" आणि मीही मान डोलावली. मला तरी कुठे शंका होती? गोऱ्यांचा कागद, गोऱ्यांचा आकडा, आणि आकड्यावर बरोबर कबर. आपण लगेच उत्तर लिहिलं. तू तीनदा कच्चं लिहिलंस आणि चौथ्यांदा शाईने.

मग त्यांचं ते फुलांचं पत्र आलं. त्यांच्याकडे ईस्टरच्या आधीच्या रविवारी सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरी घासून, चुना लावून, फुलांनी भरून टाकतं. आदल्या दिवशी बादल्या आणि कुंचे घेऊन म्हातारेकोतारे चर्चच्या आवारात गुडघ्यावर बसतात. साठ वर्षं गावात सगळ्यांच्या कबरी फुलल्या आणि इव्हानचीच तेवढी राहिली, असं बाईंनी लिहिलं होतं. तुझ्या आईला ते इतकं पटलं की काय सांगू. ती म्हणाली, "आपन करू की. त्यात काय एवढं?" पंचाहत्तर साली पहिल्यांदा केलं. चुना मी लावला, झेंडू आणि निशिगंध तिने बाजारातून आणले, आणि वर तुझ्या हट्टापायी बोगनवेलीची लाल झुपकी. फोटोवाला बोलावून फोटो काढला. आपले तिघांचेही चेहरे त्यात कसे ताठ आलेत. तोच फोटो पुढे मेरेडिथबाईंनी चौकटीत घालून चर्चमध्ये पितळी पत्र्याखाली लावला. तिकडे गेल्यावर तू मला लिहिलंस की पहिल्या दिवशी त्या चर्चच्या बुटक्या दारातून वाकून आत गेलीस, डोळे अंधाराला सरावले, आणि समोर भिंतीवर चौदा वर्षांची तूच उभी होतीस. ते वाचून तुझी आई रडली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. का, ते आता सांगतो.

सत्त्याहत्तर साल. तू नुकतीच नर्सिंगच्या होस्टेलात गेली होतीस. फुलांचा रविवार होऊन आठवडा झाला होता. माझ्या आधीचे राखणदार मोतीरामबुवा मनमाडहून मुलीकडून आले होते. ऐंशीच्या घरातले, पण काठी टेकत ताठ. त्यांना मी मोठ्या ऐटीत सगळं दाखवलं. चौथी रांग, अकरावी कबर, पांढरीशुभ्र, वाळलेली फुलं अजून वर. विलायतेतून पत्र येतं, तिकडे आपला फोटो पाठवलाय, हे सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "कुठल्या गेटापासनं मोजलं रं, सावळीराम?" मी म्हटलं, गेट एकच आहे की. त्यावर ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

गौतमी, हे लोखंडी गेट त्रेपन्न सालचं. नवी सडक झाली तेव्हा या बाजूला पाडलं. गोऱ्यांच्या वेळचं गेट मागच्या बाजूला होतं, बैलगाडीच्या वाटेवर. मी एकोणसाठ साली लागलो तेव्हा ते बुजून गेलं होतं आणि मला कुणी सांगितलं नाही. कबरींच्या वहीत नकाशा असायचा म्हणे, पण ती वही माझ्या हाती आली तेव्हा वाळवीने तिचा भुगा केला होता. बुवा मला मागे घेऊन गेले. आपल्या परसाच्या टोकाला तो दगडी खुंट आहे ना, ज्यावर तू लहानपणी घोडा-घोडा करायचीस, तो जुन्या गेटाचा खांब. तिथून ते काठीने मोजत निघाले. एक रांग परसात. दुसरी चुलीच्या भिंतीपाशी. तिसरी ओट्याखाली. चौथी आपल्या पुढच्या अंगणात. मग डावीकडून अकरा. शेवग्याच्या झाडाखाली थांबले, आंघोळीच्या दगडापासून दोन हात. काठी जमिनीवर ठोकली आणि म्हणाले, "हा हितं हाय तुझा पोरगा."

त्या बाजूला सगळ्या तापाच्या साथीत गेलेल्या शिपायांच्या कबरी होत्या. घाईघाईत पुरलेले, वर दगड नाही, नुसते लाकडी क्रूस. क्रूस वाळवीने खाल्ले आणि जमीन सपाट झाली. एकसष्ट साली कमिटीला राखणदारासाठी क्वार्टर बांधायचं होतं, ती जागा मोकळी दिसली, बांधलं. मी बुवांना म्हटलं, तुम्ही बोलला का नाहीत तेव्हा? ते म्हणाले, "मला इचारलं कोनी?" चहा पिऊन ते संध्याकाळच्या गाडीने गेले. पुढच्या वर्षी वारले. म्हणजे आता हे माहीत असलेली माणसं दोनच उरली, मी आणि तुझी आई.

आईला मी सांगितलं नव्हतं. ती चुलीपाशी होती आणि बुवांचा आवाज मोठा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून पाहतो तर आंघोळीचा दगड अंगणात नव्हता. एवढा जड दगड तिने एकटीने पहारीने ढकलत घराच्या पलीकडच्या बाजूला नेला होता. तू सुट्टीत आलीस तेव्हा केवढी चिडली होतीस, तिकडे आडोसा नाही म्हणून. तिने सांगितलं, पाणी तुंबतं. पाणी कधीच तुंबलं नव्हतं. शेवग्याच्या शेंगाही त्या दिवसापासून तिने कधी तोडल्या नाहीत. लोकांना तोडून नेऊ देते, स्वतः करत नाही.

मी तेव्हाच लिहायला हवं होतं. होस्टेलात तुझ्याकडे आलो असतो, म्हटलं असतं, लिही बाई, चूक झाली. साधी चूक होती, कुणालाही झाली असती. मी निघालोही होतो. बसस्टँडवर जाण्याआधी पोस्टमन भेटला आणि बाईंचं पत्र हातात पडलं. ते तुझ्याकडे नेलं आणि तू वाचून दाखवलंस. फोटो चर्चमध्ये लावल्याचं तेच पत्र. सगळं गाव उभं राहिलं, पाद्र्यांनी आपलं पत्र वाचून दाखवलं, आणि बाईंनी लिहिलं होतं की आता इव्हान कुठे झोपलाय ते मला डोळे मिटले की दिसतं. ते वाक्य तू दोनदा वाचलंस. मी काय सांगणार होतो तुला? त्या दिवशी मी तोंड मिटलं ते मिटलंच. तीन वर्षं ती चूक होती. त्यानंतरची सात वर्षं ते खोटं आहे, आणि ते मी तुझ्या हाताने लिहून घेतलं. तू तिकडे जाईपर्यंत दर वर्षी विचारायचीस, यंदा काय लिहू आबा? आणि मी सांगायचो, लिही, कबर छान ठेवली आहे.

पुढचं तुला ठाऊक आहे. ऐंशी साली तू पास झालीस. बाईंनी तिकडच्या दवाखान्यात शब्द टाकला, आपल्या घरातली खोली तुला दिली, विमानतळावर स्वतः आल्या. चर्चची किल्ली तुझ्याकडे असते, घंटेची दोरी कशी ओढायची ते तुला शिकवलं, शेजारची म्हातारी माणसं तुला गावची पोर म्हणतात. माझी मुलगी, जिच्या आजीला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, तिच्या हातात आठशे वर्षांच्या चर्चची किल्ली! मी छावणीत भेटेल त्याला सांगितलं. एकजण म्हणाला, आठशे वर्षं म्हणजे काय, आपली पांडवलेणी दोन हजार वर्षांची. मी म्हटलं, लेण्यांना किल्ली कुठे असते? पण घरी आलो की मनात यायचं, हे सगळं उभं कशावर आहे? चुकीच्या कबरीवर. ती ओळख तिथून, तो विश्वास तिथून, खोली तिथून. एक वीट ओढली तर तुझं काय काय खाली येईल, या भीतीने मी दर वर्षी त्या दगडाला चुना लावत राहिलो. बाईंची फसवणूक करतोय हे मला कळत होतं. तू मध्ये होतीस म्हणून हात थांबला नाही. हे तुझ्यावर ढकलत नाही, गौतमी. भीती माझी होती.

आपण चुना लावतो त्या कबरीतल्या माणसाबद्दलही सांगतो, म्हणजे तुला उगीच तिकडून वाईट वाटायला नको. तो कोण ते मला आजही माहीत नाही. दहा वर्षांत त्याला कुणी विचारायला आलं नाही. त्याला फुलं मिळाली याचं मला दुःख नाही. तुझी आई तर म्हणते, "त्याची बंद करायची नाय हां." नाही करणार. पण त्याच्या उशाशी दुसऱ्याच्या नावाची पाटी रोवायची? आणि उद्या बाई गेल्यावर तू त्यांची राख घेऊन येणार, ती एका परक्याजवळ ठेवणार, आणि मी शेजारी उभा राहून बघणार? फोटो काढून टाकता येतो. चुना पावसात जातो. मातीत मिसळलेली राख परत कशी काढणार? तुझं पत्र आल्यापासून मला एवढं एकच दिसतंय. पाटी आली तेव्हाही मी काहीतरी कारण काढून निभावलं असतं, मला माझी लाज वाटते पण खरं तेच आहे. राखेपुढे मात्र माझं काही चालेना.

परवा मी आईला विचारलं, कळलं तर पोरीला घराबाहेर काढतील का गं? ती म्हणाली, "काढतील तर काढतील. घर हाय तिला." मग म्हणाली, "त्या म्हातारीचा भाऊ आपल्या दारात हाय आन् ती त्या गेटानं दुसरीकडंच जाणार, हे मला बघवणार नाय." तिने शेवग्याखालचं अंगण गेल्या आठवड्यात शेणाने सारवलं. रोज सारवते. गुडघा दुखत असताना.

कमिटीचं काय व्हायचं ते होवो. क्वार्टर कबरींवर आहे हे एकदा वर गेलं की कदाचित घर सोडावं लागेल, कदाचित नोकरीची शेवटची दोन वर्षं जातील. सेक्रेटरींना मी अजून सांगितलेलं नाही, आधी बाईंना कळायला हवं. त्यांनी यायचं की नाही, पाटी कुठे बसवायची, की परत न्यायची, हे आता त्यांनी ठरवायचं. तोवर ती पोत्यातच राहील आणि सिमेंट कोपऱ्यात. मी कुणाच्या सांगण्यावरून हलवणार नाही.

हे पत्र तुला लिहिण्याचं कारण तुझी माफी मागणं नाही, ती समोर आल्यावर मागेन. कारण सोबतच्या घडी घातलेल्या कागदात आहे. तो मेरेडिथबाईंसाठी आहे आणि तो मी स्वतः लिहिला आहे, इंग्रजीत. हसू नकोस. पंचवीस वर्षं दगड पुसतोय, त्यातून थोडी अक्षरं लागली, आणि मला जे शब्द येतात ते सगळे दगडांवरचे आहेत: भाऊ, मुलगा, प्रिय, इथे, विसावा. एवढ्यावर जमलं. यावेळी तुझ्या हाताने लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून तीन दिवस लागले. विमानात बसायच्या आधी, सकाळच्या चहानंतर, त्यांची गोळी घेऊन झाल्यावर तो त्यांच्या हातात दे आणि त्यांच्याजवळ बस. नाडीवर लक्ष ठेव. त्यात चुका असतील, तुझ्या लगेच डोळ्यांत खुपतील, पण एकही दुरुस्त करू नकोस, आणि त्या विचारतील त्याच्यापेक्षा जास्त माझ्या बाजूने काही बोलू नकोस. त्यात लिहिलंय ते मराठीत एवढंच होतं: बाई, तुमचा प्रिय भाऊ त्या दगडाखाली नाही. मला सात वर्षं माहीत होतं. तो इथे माझ्या घरी आहे. माझी मुलगी त्याच्याजवळ मोठी झाली. या.

उत्तर येईपर्यंत रोज पोस्टमनची वाट बघणारा,
तुझाच
आबा